करधोरणावरची उजवी टीका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कोणासाठी आहे?

कल्याणकारी, खर्चिक, डावीकडे झुकलेल्या सरकारांच्या करांवर आणि खर्चावर उजव्या बाजूने जी टीका होते ती समजून घ्यायची आहे, पण टीव्हीवरच्या आरडाओरड्यातून हाती काही लागत नाही, अशांसाठी. आम्हाला ही टीका बऱ्याच अंशी पटते. जिथे ती लंगडी पडते तिथे तसं लिहिलं आहे. उदाहरणं शक्यतो पुण्यातली घेतली आहेत. आयकराचे दर आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत.

थोडक्यात सांगा, आक्षेप काय आहे?

कर एकूण किती, हा दुसरा प्रश्न. पहिले तीन वेगळेच: कमावलेल्या पुढच्या रुपयातले किती जातात, आज वाचलेला नियम उद्या तसाच राहील का, आणि आज वाटलेल्या पैशाचं बिल कोणाच्या नावावर फाडलं जाणार. बाकी सगळी टीका यांतूनच निघते. "कर कमी करा" एवढंच कोणी ओरडत असेल, तर त्याला या तिन्हींपैकी कशाबद्दल बोलतोयस ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर येत नाही.

भारतात ही टीका सुरू कोणी केली?

पक्ष म्हणून स्वतंत्र पक्षाने. १९५९ च्या जानेवारीत काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात सहकारी शेतीचा ठराव झाला आणि त्याच वर्षी राजाजी (सी. राजगोपालाचारी), मिनू मसानी, एन. जी. रंगा यांनी हा पक्ष काढला. "परमिट-लायसन्स राज" हा शब्दप्रयोग राजाजींचा. १९६७ च्या लोकसभेत पक्षाचे ४४ खासदार होते. १९७४ मध्ये तो भारतीय लोकदलात विरून गेला.

त्याआधी १९५५ मध्ये दुसऱ्या पंचवार्षिक योजनेवर अर्थतज्ज्ञ बी. आर. शेणॉय यांनी एकट्याने भिन्नमत नोंदवलं होतं. योजनेत १,२०० कोटींची तूट नोटा छापून भरून काढायची होती. एवढी बचत देशात नाही, भाव भडकतील आणि परकीय चलन आटेल, असं त्यांचं म्हणणं. १९५७-५८ मध्ये परकीय चलनाचा खडखडाट झालाच.

आणि पुण्याचं नाव घ्यायचंच तर १९०२ पर्यंत मागे जावं लागेल. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळातल्या आपल्या पहिल्याच अर्थसंकल्पीय भाषणात सरकारच्या शिलकीवर बोट ठेवलं: लोक दुष्काळाने गांजलेले असताना तिजोरीत वर्षामागून वर्ष शिल्लक पडते, याचा अर्थ कर गरजेपेक्षा जास्त आहेत. पुढच्याच वर्षी मिठावरचा कर उतरला. गोखले नेमस्त, उदारमतवादी. त्यांना उजवे म्हणणं अन्यायाचं होईल, पण युक्तिवाद मात्र उजव्यांनी जसाच्या तसा उचलावा असा आहे.

आयकर खरंच ९७.७५ टक्के होता? की ही व्हॉट्सअॅपवरची गोष्ट?

खरंच होता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला २ लाखांच्या वरच्या उत्पन्नावर मूळ दर ८५ टक्के, आणि त्या करावर १५ टक्के अधिभार. ८५ चे १५ टक्के म्हणजे १२.७५, बेरीज ९७.७५. दोन लाखांच्या पुढच्या शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये हातात राहायचे.

इथे एक गल्लत हमखास होते. हा दर सगळ्या उत्पन्नावर नव्हता, वरच्या टप्प्यावरच्या रुपयांवर होता. "तेव्हा श्रीमंतांची ९८ टक्के कमाई सरकार नेत असे" हे वाक्य चूक आहे. पण उजव्यांचा आक्षेप त्या वरच्या रुपयावरच आहे, कारण जादा काम करायचं का, नवा कारखाना टाकायचा का, हिशेब लपवायचा का, हे माणूस पुढच्या रुपयाकडे बघून ठरवतो.

वर संपत्ती कर होताच. समजा कोणाकडे १० लाख ठेव आहे, व्याज ८ टक्के, म्हणजे ८० हजार. आयकराचा वरचा दर ७७ टक्के धरला तर व्याजातले १८,४०० उरतात. संपत्ती कर अडीच टक्के धरा: २५,००० रुपये. म्हणजे बचत करून वर खिशातले ६,६०० भरायचे. असा माणूस एक तर सोनं घेतो, नाहीतर रोखीत जमीन. पुण्याच्या आसपासच्या जमिनींचे व्यवहार "पांढरे किती, काळे किती" या भाषेत होण्याची सवय एकट्या लोकांच्या हावरेपणातून आलेली नाही.

सरकारनेच नेमलेल्या वांच्छू समितीने १९७१ मध्ये चढे दर हे करचुकवेगिरीचं मोठं कारण असल्याचं लिहून दिलं आणि दर ७५ टक्क्यांवर आणायला सांगितलं. १९७४ च्या अर्थसंकल्पात तो ७७ वर आला. अर्थमंत्री होते यशवंतराव चव्हाण. १९७६ मध्ये ६६, १९८५ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंहांच्या अर्थसंकल्पात ५०, १९९७ मध्ये चिदंबरम यांच्या अर्थसंकल्पात ३०. लक्षात घ्या, हे चारही टप्पे उजव्या सरकारांनी केलेले नाहीत. १९५३ पासूनचा मृत्युकरही १९८५ मध्येच गेला. वसुली जेमतेम २० कोटींच्या घरात आणि तेवढ्यासाठी प्रत्येक घराण्याच्या इस्टेटीचं मूल्यांकन, अपील, कोर्ट.

मग दर उतरवले की वसुली वाढते, हे सिद्ध झालं ना?

अर्धंच. दर ९७ वरून ७७ वर आणल्याने वसुलीचं फार बिघडत नाही, कारण तिथे खरा कर भरणारे मूठभरच असतात. ३० वरून २५ वर आणलं तर मात्र सरळ भोक पडू शकतं. अमेरिकी अर्थतज्ज्ञ आर्थर लॅफर यांचा वक्ररेषेचा सिद्धांत एवढंच सांगतो की शून्य आणि शंभर टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी शिखर आहे. ते नेमकं कुठे, हे तो सांगत नाही, आणि उजवे वक्ते सोयीने ते नेहमी आजच्या दराच्या खाली आहे असं धरतात.

१९९७ चंच उदाहरण घ्या. दर उतरले त्याच वर्षी काळा पैसा जाहीर करण्याची योजनाही आली. पाठोपाठ एक-बटा-सहा: घर, गाडी, टेलिफोन, परदेश प्रवास, क्रेडिट कार्ड, क्लबचं सभासदत्व यांतलं एक जरी असलं तरी विवरणपत्र भरायचं. पैसे देतानाच कर कापून घेण्याचं (टीडीएस) जाळं वाढलं. वसुली वाढण्यातलं श्रेय दराला किती आणि जाळ्याला किती, हे वेगळं काढणं अवघड आहे.

आणि २३ सप्टेंबर २०२२ विसरू नका. ब्रिटनमध्ये लिझ ट्रस यांच्या उजव्या हुजूर पक्षाच्या सरकारने खर्च न कापता सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. सरकारी रोख्यांचे भाव कोसळले, दहा दिवसांत ४५ टक्क्यांचा टप्पा रद्द करण्याचा निर्णय मागे घ्यावा लागला, महिन्याभरात पंतप्रधानांनी राजीनामा दिला. थॅचरबाईंनी १९७९ मध्ये वरचा दर ८३ वरून ६० वर आणला तेव्हा त्याच अर्थसंकल्पात मूल्यवर्धित कर १५ टक्के केला होता. कपात करायची तर पैसे कुठून, हे त्यांनी त्याच कागदावर लिहिलं होतं. जुन्या घडणीचा उजवा विचार हा असा: आधी जमाखर्चाचा मेळ, मग सवलत.

माझा पुढच्या रुपयावरचा दर कसा काढायचा?

पगारदार असाल तर दहा मिनिटांचं काम आहे.

१. वर्षाच्या पगारातून ७५,००० ची प्रमाणित वजावट काढा (नवी करप्रणाली).
२. उरलेल्या रकमेवर टप्प्यांप्रमाणे कर काढा: ४ लाखांपर्यंत शून्य, ४ ते ८ वर ५ टक्के, ८ ते १२ वर १०, १२ ते १६ वर १५, १६ ते २० वर २०, २० ते २४ वर २५, पुढे ३०.
३. करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर ६०,००० पर्यंतची सूट वजा करा.
४. आलेल्या करावर ४ टक्के उपकर चढवा.
५. आता पगार १०,००० ने वाढला असं धरून हेच पुन्हा करा. दोन्ही करांतला फरक भागिले १०,०००, हा तुमचा पुढच्या रुपयावरचा दर.

हिंजवडीतल्या एखाद्याचा पगार १२,७५,००० आहे. करपात्र उत्पन्न १२ लाख, कर शून्य. त्याला १०,००० बोनस मिळाला. टप्प्यांप्रमाणे कर होतो ६१,५००. एवढा अन्याय नको म्हणून कायद्यात सीमान्त दिलासा आहे: १२ लाखांच्या वर जितकं उत्पन्न, त्याहून जास्त कर नाही. म्हणजे कर १०,०००. त्यावर ४ टक्के उपकर, ४००. बोनस १०,०००, भरायचे १०,४००.

पुढच्या रुपयावर १०४ टक्के! इंदिराबाईंच्या काळातल्या ९७.७५ पेक्षाही जास्त, आणि तोही मध्यमवर्गीय पगारावर. करपात्र उत्पन्न सुमारे १२,७०,५८८ होईपर्यंत ही पट्टी चालते. तिथे टप्प्यांचा कर आणि दिलासा सारखे होतात. बाहेर पडल्यावर दर एकदम १५.६ वर येतो. तुमचा पगार या पट्टीत असेल तर कंपनीकडून बोनसऐवजी मालकाचं एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) योगदान मागा. ते नव्या प्रणालीतही मूळ पगार व महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत वजा होतं. पगारपत्रकात बदल आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच करून घ्या. मार्चमध्ये एचआर ऐकत नाही.

ही रचना भाजप सरकारची आहे. काँग्रेसच्या अर्थमंत्र्यांनी अशी केली असती तर उजव्या स्तंभलेखकांनी काय लिहिलं असतं, याची कल्पना करून बघा.

टप्पे तेच ठेवले तर सरकारने कर वाढवला असं कसं म्हणता?

महागाई ६ टक्के, पगारवाढ ६ टक्के, टप्पे जागच्या जागी. तुमची ऐपत वाढली नाही, पण जादा रुपये वरच्या दराच्या टप्प्यात गेले. संसदेत कोणी हात वर न करता कर वाढला. कॅनडात टप्पे दरवर्षी महागाईप्रमाणे आपोआप सरकतात; आपल्याकडे अर्थमंत्र्यांची मर्जी. जुन्या प्रणालीतली अडीच लाखांची मर्यादा २०१४ पासून हललेली नाही.

पूर्वलक्षी कर हे प्रकरण काय होतं?

व्होडाफोनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये कंपनीच्या परदेशातल्या सौद्यावर कर लागत नाही असा निकाल दिला. प्रणव मुखर्जींनी त्याच वर्षीच्या वित्त विधेयकात कायदा मागच्या तारखेपासून, थेट १९६२ पासून, बदलला. "कर दहशतवाद" हा शब्द तिथून गाजला आणि २०१४ च्या भाजपच्या जाहीरनाम्यातही आला. दुरुस्ती प्रत्यक्षात मागे घेतली गेली ती ऑगस्ट २०२१ मध्ये. सात वर्षं का लागली, याचं समाधानकारक उत्तर आमच्या वाचनात नाही.

एलबीटीवर पुण्यातले व्यापारी इतके का भडकले होते? जकात गेली हे चांगलंच नव्हतं का?

जकात नाक्यावर ट्रक अडायचा, ते गेलं हे चांगलंच. पण १ एप्रिल २०१३ पासून आघाडी सरकारने पुण्यात स्थानिक संस्था कर (एलबीटी) आणला तो दुकानाच्या हिशेबवहीवर. मालाच्या प्रकाराप्रमाणे वेगवेगळे दर, महापालिकेकडे वेगळी नोंदणी, वेगळा भरणा, वेगळं विवरणपत्र. विक्रीकर विभागाकडे व्हॅटचं हेच सगळं होतंच. एका वहीवर दोन साहेब. लक्ष्मी रोड, भवानी पेठ, मार्केट यार्ड आठवडेच्या आठवडे बंद राहिले ते दरामुळे कमी आणि या दुसऱ्या साहेबामुळे जास्त.

उजवी मांडणी इथे सगळ्यात भक्कम आहे. अनुपालनाचा खर्च उलाढालीबरोबर वाढत नाही. समजा हिशेबनीस जादा कामाचे महिन्याला २,५०० घेतो, वर्षाचे ३०,०००. वर्षाला ५ कोटींची उलाढाल असलेल्या घाऊक व्यापाऱ्याचा नफा ४ टक्क्यांनी २० लाख. त्याला हा खर्च दीड टक्का. ५० लाखांची उलाढाल असलेल्या किराणा दुकानदाराचा नफा २ लाख. त्याला १५ टक्के. कराचा दर दोघांना सारखा, ओझं दहापट. गरिबांच्या बाजूचं म्हणवणाऱ्या सरकारने आणलेला कर लहान दुकानदाराला दहापट जड, हा टोला तेव्हा बरोबर बसला.

१ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या खालच्या उलाढालीला एलबीटी माफ झाला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटीत उरलेला गेला. फटाके वाजले. पण दोन गोष्टी तेव्हा कोणी फारशा बोललं नाही.

एक: फ्लॅट घेताना पुण्यात जे ७ टक्के मुद्रांक शुल्क भरता, त्यात मूळ ५, मेट्रोचा १ आणि एलबीटीच्या नावाचा १ टक्का आहे. ६० लाखांच्या फ्लॅटवर ४ लाख २० हजार, त्यातले ६० हजार मेलेल्या कराच्या नावाने. नोंदणीचे ३० हजार वेगळे. (खरेदीदार फक्त स्त्रीच असेल, सोबत पुरुष नसेल, तर शुल्कात १ टक्का सवलत मिळते, दस्त तयार होण्याआधीच वकिलाला सांगा.)

दोन: महापालिकेच्या हातातला मुख्य कर गेला आणि ती राज्य सरकारच्या भरपाईच्या हप्त्यावर आली. कर भरणाऱ्याच्या जितका जवळ गोळा होईल तितका बरा, त्याला जाब विचारता येतो, हे उजव्यांचंच जुनं तत्त्व. एलबीटी घालवताना त्यांनी ते मोडलं. आमच्या मते दुरुस्त करायचं ते दुहेरी हिशेबाचं जंजाळ होतं, महापालिकेचं उत्पन्न नव्हे.

कर्जमाफीला विरोध म्हणजे शेतकऱ्याला विरोध नाही का?

हा प्रश्न शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी कधीच निकालात काढला होता. चाकणजवळच्या आंबेठाणला शेती करणारा हा माणूस, १९८० च्या कांदा आंदोलनातून पुढे आलेला, "भीक नको, हवे घामाचे दाम" ही घोषणा देत होता. त्यांचा मुद्दा उणे सबसिडीचा. धरा, कांद्याला बाहेर किलोला २५ रुपये मिळतात, निर्यातबंदीमुळे इथे १२. शंभर क्विंटल विकणाऱ्याचे १ लाख ३० हजार गेले. त्याच वेळी त्याला खतावर १५ हजारांची सबसिडी मिळाली. सरकारने दिलं किती, घेतलं किती? घेतलेलं अर्थसंकल्पात कुठेच दिसत नाही, दिलेलं मात्र भाषणात असतं.

२००८ ची कर्जमाफी या चष्म्यातून बघा. जाहीर झाली तेव्हा ६० हजार कोटींची. २ हेक्टरपर्यंत पूर्ण माफी, त्यावर असेल तर ७५ टक्के आधी भरा आणि २५ टक्के सूट घ्या. सुपीक, बागायती पट्ट्यातले पाच एकर आणि विदर्भातले कोरडवाहू सात एकर यांत गरीब कोण, हे गावात कोणीही सांगेल. योजनेने उलटं सांगितलं. पुढे २०१३ मध्ये महालेखापालांच्या अहवालात अपात्रांना लाभ आणि पात्र वगळलेले, दोन्ही सापडले. आणि ज्याने उधारी करून हप्ता फेडला होता तो गावात वेडा ठरला.

मात्र निर्यातबंदी ही काही काँग्रेसची मक्तेदारी नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क आणि डिसेंबरात थेट बंदी घालणारं सरकार भाजपचं होतं. चाकण-मंचरच्या शेतकऱ्याला फरक शून्य.

ऑइल बाँडमुळे पेट्रोल महाग झालं, हे खरं का?

टीकेतलं मूळ खरं, निष्कर्ष ताणलेला. २००५ ते २०१० मध्ये यूपीए सरकारने तेल कंपन्यांना रोख अनुदानाऐवजी सुमारे १.४ लाख कोटींचे रोखे दिले. त्या वर्षीची तूट कागदावर कमी दिसली, बोजा पुढच्या पिढीवर. आक्षेप शंभर टक्के रास्त.

पण या रोख्यांचं व्याज वर्षाला १० हजार कोटींच्या आसपास. पेट्रोलवरचं केंद्राचं शुल्क २०१४ मध्ये लिटरला ९.४८ होतं, मे २०२० मध्ये ३२.९८ झालं, आणि इंधनावरची केंद्राची वसुली वर्षाला ३ लाख कोटींच्या पुढे गेली. दहा हजारांच्या बिलासाठी तीन लाखांची वर्गणी कोणी काढत नाही. शिवाय अन्न महामंडळाला अल्पबचत निधीतून कर्ज देऊन अन्नअनुदान ताळेबंदाबाहेर ठेवण्याची तीच युक्ती एनडीए सरकारनेही वापरली. २०२१ च्या अर्थसंकल्पात ती बंद करून आकडे उघड केले, याचं श्रेय द्यायला हवं.

तुम्हाला स्वतः तपासायचं असेल तर "अर्थसंकल्प दृष्टिक्षेपात" ही छोटी पुस्तिका उघडा. राजकोषीय तुटीची टक्केवारी सगळेच वाचतात. त्याआधी महसुली तूट बघा: ती म्हणजे पगार, व्याज, अनुदान यांसाठी काढलेलं कर्ज. मग व्याज भागिले महसुली जमा. मग चालू वर्षाचा सुधारित अंदाज गेल्या फेब्रुवारीतल्या अंदाजाशी ताडून बघा. शेवटी खर्चाच्या पुस्तिकेतलं अर्थसंकल्पबाह्य कर्जाचं विवरण. लपवाछपवी असलीच तर तिथे वास येतो.

लाडकी बहीण आणि रेवडी?

जुलै २०२२ मध्ये रेवडी संस्कृतीवर टीका करणाऱ्या पक्षाच्याच महायुतीने दोन वर्षांत महिना १,५०० रुपयांची योजना आणली, वर्षाला ४६ हजार कोटींचा अंदाज. यावर आणखी काय लिहायचं!

तुलनेने महाराष्ट्राची जुनी रोजगार हमी योजना उजव्यांनाही पटावी अशी होती. काम करील त्यालाच पैसे, म्हणून गरज नसलेला आपोआप बाजूला. आणि खर्चासाठी वेगळा कर, १९७५ चा व्यवसाय कर. तुमच्या पगारपत्रकावर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात ते हेच, वर्षाला २,५००. राज्यघटनेने घातलेली कमाल मर्यादाही तेवढीच.

मुलगा टोरँटोला आहे. तिथल्या लिबरल सरकारवरची टीका हीच का?

बरीचशी. कॅनडाच्या ट्रूडो सरकारने सुरुवातीलाच आयकराचा ३३ टक्क्यांचा नवा वरचा टप्पा आणला. २०१९ पासून केंद्रीय कार्बन शुल्क (इंधनातून होणाऱ्या कार्बन उत्सर्जनावरचा कर) आलं, टनाला २० डॉलरपासून २०२४ मध्ये ८० पर्यंत. "टॅक्स उडवा" म्हणत कॉन्झर्व्हेटिव्ह नेते पियेर पॉलिव्हर यांनी त्यावर दोन वर्षं प्रचार केला. सरकार म्हणे, तिमाही परताव्यात बहुतेक कुटुंबांना भरल्यापेक्षा जास्त मिळतं. विरोधक संसदेच्या अर्थसंकल्प अधिकाऱ्याचे आर्थिक परिणामांचे आकडे दाखवायचे. त्या आकड्यांत उद्योगांवरचं शुल्कही चुकून मोजलं गेल्याचं २०२४ मध्ये त्या कार्यालयानेच मान्य केलं. तरी ग्राहकांवरचं शुल्क १ एप्रिल २०२५ पासून गेलं, तेही लिबरल पक्षाच्याच मार्क कार्नी यांच्या हातून.

पुणेकरांना जास्त जवळचं प्रकरण भांडवली नफ्याचं. एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालं की अडीच लाख डॉलरच्या वरच्या नफ्याचा निम्म्याऐवजी दोन तृतीयांश भाग करपात्र होणार. कायदा मंजूर झाला नाही, जानेवारी २०२५ मध्ये पुढे ढकलला, मार्चमध्ये रद्द. मधल्या काळात अनेकांनी घाईने मालमत्ता विकल्या. तिथला रहिवासी कोथरूडचा वडिलोपार्जित फ्लॅट विकतो तेव्हा तो नफा कॅनडाच्या विवरणपत्रातही दाखवावा लागतो, म्हणून हा गोंधळ इथवर पोचला.

असा फ्लॅट विकायचा असेल तर: विक्रेता परदेशस्थ असल्याने खरेदीदाराने १ टक्का नव्हे, दीर्घकालीन नफ्याच्या दराने म्हणजे १२.५ टक्के अधिक अधिभार-उपकर कापायचा असतो, आणि सहसा तो पूर्ण किमतीवर कापला जातो. कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आधी घ्या. करारानंतर धावाधाव करून उपयोग नाही. २० टक्के आणि महागाई निर्देशांक हा पर्याय जुलै २०२४ आधी घेतलेल्या घरांना आहे, पण फक्त निवासी भारतीयांना. भारतात भरलेल्या कराचं श्रेय कॅनडात मिळतं, त्यासाठी चलन आणि कपातीचं प्रमाणपत्र जपून ठेवा.

विरोधात असताना एक आणि सत्तेत दुसरं, असं असेल तर या टीकेला अर्थ काय?

जीएसटीचं घटनादुरुस्ती विधेयक यूपीएने २०११ मध्ये मांडलं, तेव्हा गुजरात आणि मध्य प्रदेशच्या भाजप सरकारांनी ते रोखून धरलं. २०१६ मध्ये त्याच पक्षाने मंजूर केलं. पक्षाची सोय आणि विचाराचा आक्षेप वेगळे काढता आले पाहिजेत. शेणॉयांचं भिन्नमत कोणत्याही पक्षाच्या अर्थसंकल्पाला लावता येतं. प्रवक्त्याचं बोलणं नाही.

घरपट्टीतली ४० टक्के सवलत हा याच विषयाचा भाग आहे का?

आहे. राहत्या घराला पुणे महापालिका १९७० पासून ही सवलत देत होती, पण आधार होता ठरावाचा, कायद्याचा नव्हे. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, सवलत गेली, हजारो घरांची बिलं फुगली, आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने ती परत आणली. नियम कच्च्या पायावर असला की करदात्याचं काय होतं, याचा पेठेतल्या माणसालाही कळेल असा धडा.

बिलात सवलत दिसत नसेल तर पीटी-३ अर्ज भरा. महापालिकेच्या मिळकतकराच्या संकेतस्थळावर किंवा क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. सोबत सोसायटीचं स्वतः राहत असल्याचं पत्र, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, गॅस कार्ड यांपैकी एक पुरावा, पुणे हद्दीत दुसरी मिळकत असेल तर तिचं बिल, आणि २५ रुपये शुल्क. मुदत दर वर्षी जाहीर होते ती बघून घ्या.

अर्ज अडतात ते बहुधा दोन कारणांनी. बिलावर अजून बिल्डरचं किंवा आधीच्या मालकाचं नाव असतं. आधी हस्तांतराचा अर्ज करून नाव लावून घ्या. नाहीतर तपासणीच्या वेळी घर बंद असतं आणि शेरा "भाडेकरू" असा पडतो. सोसायटीच्या पत्रावर मोबाइल क्रमांक लिहून ठेवा. जादा भरलेली रक्कम पुढच्या बिलांतून वळती होते, रोख मिळत नाही. वाद चालू असला तरी बिल थकवू नका, कारण थकबाकीवर महिना २ टक्के शास्ती लागते. आधी भरा, पावतीची प्रत तक्रारीला जोडा.